बँडच्या वेबसाइटची माद्रिना

देल्मिरा वेइसागाच्या दारावर पाटी होती: 'वेबसाइट करून मिळेल. तयार साच्यातली मिळणार नाही. शेजाऱ्यासारखीच हवी असेल तर शेजाऱ्याकडे जा.' किल्याकोयो गावच्या बाजारात झेरॉक्सच्या दुकानावर तिची एक खोली होती. लोखंडी जिना चढून धापा टाकत आलेल्या माणसाला पहिलं दर्शन या पाटीचं व्हायचं. निम्मी गिऱ्हाइकं तिथूनच परत फिरत आणि उरलेल्यांतली निम्मी ती आत बसवून हाकलायची.

बाई फटकळ होती यात वाद नाही. दातांचे डॉक्टर ओरेयाना तिच्याकडे आले तेव्हा त्यांना पहिल्याच पानावर गरगर फिरणारा सोन्याचा दात हवा होता. देल्मिरा म्हणाली, "डॉक्टर, दाढ ठणकतेय म्हणून माणूस रडकुंडीला येऊन तुम्हाला शोधतो. त्याला दात फिरवून काय दाखवताय? आज बघाल का, किती बसावं लागेल, सुई दुखते का, एवढं सांगा." डॉक्टर तणतणत गेले आणि पंधरवड्याने मुकाट्याने परत आले. शवपेट्या विकणारे क्लारोस बंधू कुठल्याशा हसऱ्या परदेशी कुटुंबाचा फोटो घेऊन आले होते. देल्मिराने तो फोटो नीट न्याहाळला आणि विचारलं, "यातलं मेलंय कोण?"

पण एकदा काम घेतलं की ती त्या दुकानात अख्खा दिवस जाऊन बसायची. कोपऱ्यात खुर्ची टाकून, तोंडाला कुलूप. गिऱ्हाईक आत येताना काय शोधतं, मालक काय बोलतो, काय लपवतो, सगळं डोळ्यांत साठवायची आणि मग घरी येऊन वेबसाइट करायची. भरतकाम करणारीची वेगळी, कोंबड्या विकणाऱ्याची वेगळी. एकीचं ठिगळ दुसरीला लावायचं नाही. म्हणून लोक तिला शिव्याही द्यायचे आणि तिच्याकडेच यायचे.

तिच्या कडवटपणाचं कारण लोकांनी आपल्या सोयीने ठरवलं होतं: लग्न झालं नाही ना, मग असंच होणार. आपल्याकडे बाईच्या कुठल्याही रोगाला हे एकच औषध. खरं कारण बाजाराच्या पलीकडच्या गल्लीत, वडिलांच्या घरात, टोपी तिरपी घालून राहत होतं. त्या कारणाचं नाव लिम्बेर्त, तिचा धाकटा भाऊ, वेइसागा बँडचा मालक आणि पहिला ट्रम्पेटवाला.

वडील तेओदोसियो, मानाने डॉन तेओदोसियो, यांनी दोन्ही पोरांना अंगणात एकाच ट्रम्पेटवर शिकवलं. लिम्बेर्तला टाळ्या आवडायच्या, देल्मिराला वाजवणं आवडायचं. ती सतरा वर्षांची असताना बँडला कोचाबांबा शहरात ध्वनिमुद्रणासाठी बोलावलं. 'उतरण' नावाची मोरेनादा, म्हणजे आमच्याकडची मिरवणुकीतल्या नाचाची चाल, वडिलांनी स्वतः बांधली होती, आणि तिच्या मध्यावर एकट्या ट्रम्पेटची अशी एक जागा होती की ऐकणाऱ्याने हातातला घास खाली ठेवावा. आदल्या दिवशी लिम्बेर्त पिऊन कुणाशी तरी भांडला आणि ओठ फोडून घेऊन आला. वडिलांनी ट्रम्पेट देल्मिराच्या हातात दिला. तिने डोळे मिटले आणि एका दमात ती जागा वाजवली. कॅसेट निघाली तेव्हा वेष्टनावर छापलं होतं: ट्रम्पेट, लिम्बेर्त वेइसागा.

"बँडमध्ये पोरगी वाजवते म्हटलं तर नाचाची मंडळं आपल्याला उभं करणार नाहीत," वडील म्हणाले. "नाव काय गं, घरातलंच आहे."

घरातलंच नाव मग गावभर झालं. लग्नात 'उतरण', मिनीबसमध्ये 'उतरण', बारशाला 'उतरण'. लिम्बेर्तला लोक 'उतरणवाला' म्हणू लागले. आयत्या बिळावरचा हा नागोबा फणा काढून हिंडू लागला. प्रत्यक्ष वाजवताना ती जागा आली की गडी ट्रम्पेट खाली घ्यायचा, दोन्ही हात वर करायचा आणि लोकांना गायला लावायचा. लोक खूश! केवढा दिलदार कलावंत, म्हणायचे. बँडमधले लोक बुटांकडे बघत उभे राहायचे, कारण त्यांना खरं माहीत होतं आणि पोटही होतं.

हे सगळं देल्मिराने गिळलं होतं. पण वडील गेले तेव्हा ती ट्रम्पेट घेऊन कबरीपाशी गेली. एकदाच, त्यांच्यासाठी, तीच जागा वाजवायची होती. तिने ट्रम्पेट ओठाला लावला आणि लिम्बेर्तने मोठ्या ढोलवाल्याला डोळ्याने खुणावलं. ढोल धडाडला आणि तिचा सूर बुडाला. ती थांबली, तेव्हा ढोलही थांबला. त्यानंतर भावाबहिणीत शब्द उरला नाही. रस्त्यात समोर आला तर ती फुटपाथ बदलायची.

आणि अशा माणसाची वेबसाइट तिला करावी लागली. ती कशी, ते ऐकण्यासारखं आहे.

कार्निवलचा मंगळवार होता. त्या दिवशी आमच्याकडे कुणी काम करत नाही, पण प्रत्येक जण आपल्या कामाच्या जागी जातो. दुकान, गाडी, शिलाई मशीन, जे काही पोटाला घालतं त्याला कागदी माळा घालायच्या, चार कोपऱ्यांत बिअर शिंपडायची, पहिला घोट धरणीमायला पाचामामाला आणि मग आपल्याला. शेजारीपाजारी पेला घेऊन दारोदार फिरतात, आणि त्या दिवशी दिलेला पेला नाकारायचा नसतो. शत्रूने दिला तरी. नाकारला तर पाचामामा वर्षभर हात आखडता घेते, असं आम्ही मानतो. देल्मिरासारखी कॉम्प्युटर कोळून प्यायलेली बाईही मानते.

देल्मिरा आपल्या कॉम्प्युटरला पिवळ्या माळा घालत होती. झेरॉक्सवाला येऊन गेला, खालची सरबतवाली येऊन गेली. तिसरा पेला पुढे आला तेव्हा ती पाठमोरी होती. तिने मागे न बघताच तो घेतला, दोन थेंब जमिनीवर सोडले आणि उरलेला एका दमात संपवला. मग वळून बघते तो पेला देणारी योवाना, लिम्बेर्तची बायको.

"पाचामामा भरभराट करो, वन्सं," योवाना म्हणाली. तिचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला होता.

"तू? इथे?"

"एकटी नाही आले." आणि जिन्यावरून लिम्बेर्त वर आला. हातात बिअरचं खोकं, खोक्यावर पावाची टोपली, टोपलीवर फुलं. आमच्याकडे कुणाला गळ घालायला असंच जातात आणि आधी पेला पाजतात. पेला प्यायलात की मागणं कबूल. मागणं काय ते नंतर सांगतात.

"देल्मिरा वेइसागा," लिम्बेर्त टोपी काढून, पाठ केल्यासारखं म्हणाला, "तुम्ही माझ्या बँडच्या वेबसाइटची माद्रिना व्हावं ही विनंती."

इथे सगळ्याचे धर्मपालक असतात, बाई असेल तर माद्रिना, पुरुष असेल तर पाद्रिनो. बाळाचे असतात तसे केकचे, फुटबॉलच्या शर्टांचे, लग्नातल्या वाजंत्रीचे. वेबसाइटची माद्रिना म्हणजे ती वेबसाइट तिने भेट म्हणून करून द्यायची. पण खरी मेख पुढे होती. माद्रिना झाली की तिने त्या घराची अब्रू सांभाळायची. तिने आपल्या धर्मलेकराचं उणं चारचौघांत काढलं तर लोक तिच्या तोंडावर थुंकतील. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला हा पठ्ठ्या नव्हता. तो ताकही नेणार होता आणि भांडंही.

"तयार साचेवाल्याकडे जा की," देल्मिरा म्हणाली.

"गेलो होतो. त्याने पहिल्या पानावर स्कॉटलंडचा बँड टाकला. घागरे घातलेले पुरुष!"

"शोभले असते तुला."

"वन्सं, व्हर्जिनियाचं मंडळ येतंय," योवाना मध्ये पडली. "तिकडे परदेशी गेलेली आपली माणसं. ऑगस्टात उर्कुपिन्याच्या मातेच्या जत्रेत नाचायला येणार. बँड ते इंटरनेटवर बघून ठरवतात. हे काम मिळालं तर बँड टिकेल, नाहीतर पोरं दुसऱ्या बँडमध्ये चाललीत."

"मग तुझ्या नवऱ्याला म्हणावं, हात वर कर आणि लोकांना गायला सांग."

लिम्बेर्तच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "पेला प्यायलीयेस," तो म्हणाला.

"पाठीमागून पाजलास."

"प्यायलीस ना?"

प्यायली होती. रिकामा पेला तिच्याच हातात होता. तिला तो त्याच्या कपाळात घालावासा वाटला आणि हे मी काही लपवणार नाही, घातला असता तर मला आनंदच झाला असता. पण तिने तो टेबलावर ठेवला.

"करते. पण माझ्या पद्धतीने. तालमीला येऊन बसेन. आणि खोटं एक अक्षर लिहिणार नाही."

"तुमचा शब्द, कोमाद्रे," लिम्बेर्त म्हणाला. त्या क्षणापासून तो तिला ताई म्हणायचा बंद झाला असं म्हणता येणार नाही, कारण तसा तो कैक वर्षं म्हणतच नव्हता. पण आता त्याला कोमाद्रे हा शब्द सापडला. धर्मलेकराच्या आईबापांनी माद्रिनेला म्हणायचा मानाचा शब्द. बहिणीला दूर ठेवायला इतका चांगला शब्द त्याला आयता मिळाला.

ती तालमीला गेली. वडिलांच्या अंगणात, जिथे ती वाजवायला शिकली, तिथे तिला पाहुणीसारखी प्लास्टिकची खुर्ची दिली. कुणी तिच्याशी बोललं नाही आणि तीही कुणाशी बोलली नाही. ढोलवाला तिच्याकडे पाठ करून बसला. तिने पाहिलं की नवी पोरं खरंच चांगली वाजवतात, जुनी माणसं दमलीत आणि आपला भाऊ दुसऱ्याची चूक ऐकताच ओरडतो, पण स्वतःची झाली की झांजवाल्याकडे रोखून बघतो. रागाने का होईना, ती रोज जायची. वाजवताना सूर कुठे उंच जातो, लोक कुठे पाय उचलतात, हे कळल्याशिवाय तिला पान बांधता येत नसे.

वेबसाइट झाली तेव्हा तिने लिम्बेर्तला एकट्याला बोलावलं. तो योवानाला घेऊन आला.

काम बघायला तो पडद्याजवळ सरकला. काळ्या पार्श्वभूमीवर फक्त पितळ चमकत होतं. एकेका वाद्यावर बोट ठेवलं की ते वाद्य वाजायचं आणि वाजवणाऱ्याचं नाव, गाव, किती वर्षं बँडमध्ये, सगळं उमटायचं. पाठमोऱ्या ढोलवाल्याचंसुद्धा. वडिलांचा फोटो होता आणि त्यांनी बांधलेल्या चालींचा इतिहास होता. पाठीमागून पाजलेल्या पेल्याच्या बदल्यात कुणी एवढं करत नाही. तिने ते भावासाठी केलंही नव्हतं.

"अंगावर काटा आला, वन्सं," योवाना म्हणाली.

मग लिम्बेर्तने 'उतरण'वर बोट ठेवलं. कॅसेटवरून काढलेली ती जागा खोलीभर पसरली आणि खाली अक्षरं उमटली: ट्रम्पेट, देल्मिरा वेइसागा.

"हे काढ," तो म्हणाला.

"का? खोटं आहे?"

"तू माद्रिना आहेस."

"म्हणून तर. माद्रिना देते, काढून घेत नाही. वेबसाइट आता तुझी आहे. पासवर्ड घे, खुर्चीवर बस आणि तुझ्या हाताने काढ."

"मला येत नाही."

"शिकवते की. वडिलांनंतर घरात शिकवणारी मीच उरलेय."

योवाना एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिली. तिला लग्न करून आल्यापासून कुणी काही सांगितलं नव्हतं. "म्हणजे ते वाजवलेलं..." तिने सुरुवात केली.

"तू गप्प बस," लिम्बेर्त म्हणाला आणि खुर्चीवर बसला.

देल्मिराला वाटलं होतं, हात थांबेल. सगळा राग बाजूला ठेवून सांगायचं तर तिने वेबसाइटचा एवढा घाट त्या एका क्षणासाठी घातला होता. पडद्यावर तिचं नाव आणि समोर तिचा भाऊ, मध्ये ढोल नाही, वडील नाहीत, गाव नाही. आता तरी त्याला लाज वाटेल. ती मागे उभी राहून सांगत गेली: इथे दाब, आता हे निवड, आता हे बटण. नाव एकेका अक्षराने मागून पुढे पुसलं गेलं. मग त्याने एका बोटाने आपलं नाव टिपायला घेतलं.

"मोठं अक्षर कसं काढायचं?" त्याने विचारलं.

तिने तेही दाखवलं.

"एकदाच सांगितलं आणि जमलं तुला," ती म्हणाली. "ट्रम्पेटच्या वेळेला इतकं डोकं लावलं असतंस तर आज हे करावं लागलं नसतं."

तो उठला, टोपी घातली आणि "आभारी आहे, कोमाद्रे" म्हणून जिना उतरला. योवाना दारात क्षणभर घुटमळली आणि त्याच्या मागोमाग गेली. देल्मिरा त्या दिवशी रडली. रडून झाल्यावर तिने डॉक्टर ओरेयानांना फोन करून विनाकारण झापलं.

वेबसाइटचा सोहळा जूनमध्ये अंगणातच झाला. कॉम्प्युटरला माळा, वर कागदाचे तुकडे, दारात फटाके, भिंतीवर मोठा पडदा. मायक्रोफोनवाल्याने बेंबीच्या देठापासून ओरडून धर्मपालकांची नावं घेतली: केकच्या माद्रिना अमुक, बिअरचे पाद्रिनो तमुक, आणि वेबसाइटच्या माद्रिना सेन्योरिता देल्मिरा वेइसागा. तिच्या खांद्यावर सॅटिनचा पट्टा घातला. ती गेली, कारण माद्रिनेला जावंच लागतं. समोर चिचारोनचं, तळलेल्या डुकराच्या मांसाचं, ताट आलं, उकडलेला मका आला, ती मान खाली घालून खात बसली.

व्हर्जिनियाच्या मंडळाचे अध्यक्ष डॉन रेम्बेर्तो पाहुणे होते. पन्नाशीचा जाडजूड माणूस, तिकडे छपरं घालण्याचा धंदा, आणि गावची आठवण काढली की डोळे भरून येणारा. पडद्यावर 'उतरण' लागली. ती जागा आली तशी बँडची माणसं एकसाथ ताटात बघू लागली. डॉन रेम्बेर्तोच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं. त्यांनी उठून मायक्रोफोन घेतला.

"माझी आई तिकडे वारली," ते म्हणाले. "शेवटी हेच ऐकत होती. लिम्बेर्त, भावा, काम तुझंच. तिन्ही दिवस. पण एक मागतो. देवळाच्या दारात, मातेच्या मूर्तीपुढे, नाच थांबवू. कुणी गाणार नाही. तू एकट्याने एवढी जागा वाजव. माझ्या आईसाठी."

टाळ्यांचा कडकडाट झाला. लिम्बेर्त उभा राहिला, हसला, छातीवर हात ठेवून वाकला. मग त्याने वळून आधी बायकोकडे पाहिलं. योवाना उठून स्वयंपाकघरात निघून गेली. तेव्हा तो देल्मिराच्या खुर्चीशी आला आणि तिच्या कानाशी वाकला.

"ताई," तो म्हणाला.

तिने हातातला घास ताटात ठेवला. किती वर्षांनी! अडला हरी गाढवाचे पाय धरतो हे तिला कळत होतं आणि तरी त्या एका शब्दाने तिचे डोळे भरून आले, याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.

"बोल."

"तू बँडच्या मागे, ढोलाआड उभी राहा. मी पुढे नुसता तोंडाला लावतो. वाजव तू. कुणाला दिसणार नाही."

"वाजवते," ती म्हणाली. त्याचा चेहरा उजळला. "पण मी पुढे. तू मागे."

"लोक विचारतील, ही कोण?"

"सांग, बहीण आहे. कॅसेटवरही हीच होती. मायक्रोफोन तिथेच आहे, दोन वाक्यांचं काम. बस, एवढं बोल आणि मी ऑगस्टात तुझ्या शेजारी उभी राहते. त्याच्या आईसाठी वाजवते, आपल्या बापासाठीही वाजवते. आणि मेलं सगळं सोडून देते."

ती हे मनापासून म्हणत होती. तेवढं त्याने केलं असतं तर तिने सगळं माफ केलं असतं. पट्टा, पेला, ढोल, सगळं. तो मायक्रोफोनपाशी गेला. जुना ढोलवाला हातातलं हाडूक खाली ठेवून त्याच्याकडे बघू लागला. एकेक करून सगळ्या बँडने माना वर केल्या. देल्मिराने नकळत रुमालाने ओठ पुसले.

"डॉन रेम्बेर्तो, मित्रहो," लिम्बेर्त म्हणाला, "आज तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. आजवर कुणाला सांगितली नाही." त्याचा आवाज कापला. "माझा ओठ गेलाय. डॉक्टर म्हणतात, आता उंच सूर लावायचा नाही. ती जागा मला यापुढे कधीच वाजवता येणार नाही. मला माफ करा."

अंगणभर हळहळ पसरली. डॉन रेम्बेर्तोंनी त्याला मिठी मारली, बायका डोळे पुसायला लागल्या, कुणीतरी ओरडलं, "उतरणवाला लिम्बेर्त, चिरायू होवो!" आणि सगळ्यांनी पेले उंचावले. तिन्ही दिवसांचं काम कायम राहिलं. देवळाच्या दारात कॅसेटच लावायची ठरली.

ज्या गोष्टीची फुशारकी मारत त्याने जन्म काढला, ती त्याने भर अंगणात सोडून दिली. सुराला मुकलो म्हणून सगळ्यांसमोर रडला. त्यातलं काहीच त्याला जड गेलं नाही. बहिणीने वाजवलं, एवढं म्हणणं तेवढं जड गेलं.

देल्मिराने खांद्यावरचा पट्टा काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. योवाना आणखी चिचारोन घेऊन आली होती, तिचे डोळे सुजले होते. तिने वाढायला पळी उचलली.

"नको," देल्मिरा म्हणाली. "खारट झालंय." आणि ती फाटकाबाहेर पडली.